पाठीवरचा घण

टायरवाल्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला तो हवेच्या नळीवरून. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाचा कान जातो हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटत नसे. पण गॅरेजच्या त्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण सगळ्यांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि एकानेही जागा सोडली नव्हती.

शेजारच्या शेडमध्ये एक डेंटर होता. अपघातात चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायचा. ट्रकचा दरवाजा असा सरळ करून द्यायचा की नव्याने लाजावं. पण डोकं म्हणजे पेटती काडी. गल्लीत त्याला घण म्हणत, अर्थात पाठीमागे. समोरच्या रंगवाल्याचे दोन दात त्याने असेच कधीतरी पाडले होते, आणि रंगवाला तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायचा.

त्या दिवशी घणाने टायरवाल्याची हवेची नळी न विचारता ओढून नेली. टायरवाला तेव्हा पंचविशीतला, नवं दुकान, तोंडात "दादा, दादा". तो म्हणाला, "दादा, विचारून तरी न्यायची. गिऱ्हाईक उभं आहे माझं."

पहिली थप्पड बसली तेव्हा तो टायरांच्या थप्पीवर आदळला. दुसरी बसली ती उठता उठता. आणि मग तो हात वर करून "नको, नको दादा" म्हणत असताना तिसरी बसली, उघड्या पंजाची, बरोबर कानावर. आत काहीतरी फुटलं. मग गल्ली एका बाजूने मुकी झाली. मानेवरून गरम काहीतरी ओघळत होतं आणि समोर घणाचं तोंड हलत होतं, पण तो काय म्हणतोय हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

काचवाली मावशी तेवढी ओलं फडकं घेऊन धावली. गाड्यांच्या काचा बसवणारी बाई, हातांवर शंभर बारीक चिरा. तिने त्याचं रक्त पुसलं आणि घणाकडे वळून थुंकली. बाकी गल्ली आपापल्या गाडीखाली शिरली.

कान गेला त्याबरोबर बरंच काही गेलं. पूर्वी ट्यूब कानाजवळ फिरवली की बारीक सुसकारा ऐकून तो पंक्चर सांगायचा, आता प्रत्येक ट्यूब पाण्यात बुडवावी लागे. डावीकडून मागे येणारी गाडी कळत नसे, एकदा त्याचा पाय चाकाखाली जाता जाता वाचला. आणि एकदा ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग करकरली. चांगल्या कानाच्या माणसाने ते ऐकून उडी मारली असती. त्याने ऐकलं नाही. रिंग सुटली, डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेली आणि भिंतीतली वीट फोडून खाली पडली. विटेची भुकटी त्याच्या तोंडावर उडाली. तो तिथेच बसला, पॅन्ट ओली झाली, आणि त्याने शेजारच्या शेडकडे बघून मनाशी म्हटलं, हा मरेल तेव्हा मी दुकान बंद ठेवणार नाही.

तेव्हापासून त्याने घणाला दादा म्हणणं सोडलं. काहीच म्हणणं सोडलं.

घण मात्र मरण्याऐवजी आजारी पडला. आधी पाय सुजले, तर म्हणाला बूट चावतो. मग तोंड सुजलं, तर म्हणाला झोप झाली नाही. एक दिवस भर दुपारी एका बसचा पत्रा ठोकताना हातोडी त्याच्या हातातून सुटून त्याच्याच पायावर पडली, आणि तिच्या पाठोपाठ तो. दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. कित्येक वर्षं रक्तदाब चढलेला असणार, कोणी मोजलाच नाही. आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, जन्मभर.

तीन महिन्यांत शेडमधलं गॅसचं वेल्डिंग गेलं, मोठा जॅक गेला, बायकोच्या हातातलं गेलं. घण वाळून अर्धा झाला, पण वाईट म्हणजे त्याला जिना उतरवेना. घर शेडच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरावं. बायको त्याला बसवत बसवत, एकेक पायरी घसरवत खाली आणायची. त्यात एकदा दोघं गडगडत आली. तिची कोपरं सोलली, त्याची भुवई फुटली, आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची पोरगी वरच्या पायरीवर दप्तर धरून किंचाळत राहिली.

ते ऐकून मावशीने त्याच संध्याकाळी सगळ्यांना आपल्या दुकानात बोलावलं.

"सुटलो म्हणा की," रंगवाला पहिला बोलला. त्याने ओठ वर करून हिरडी दाखवली. "हे बघ मावशी. हे कोणी भरून दिलं? आता त्याच्या मशीनचे पैसे मी भरू?"

"त्याच्यासाठी कोण मागतंय?" मावशी म्हणाली. "ती बाई दहा वर्षं पत्र्यामागे ठोकळा धरून उभी राहते, तेव्हा त्याची हातोडी चालते. तिने कोणाचं काय वाईट केलं? आणि त्या पोरीने?"

"तिला तरी मारलं नाही का त्याने?"

"एकदा मारलं. तिने तोच लोखंडी ठोकळा कपाळात घातला. सात टाके. त्यानंतर घरात हात उचलला नाही." मावशीने सगळ्यांवर नजर फिरवली. "ती एकटी बाई जे करू शकली, ते तुम्ही एवढे बाप्ये मिळून करू शकला नाहीत. म्हणून तो माजला. जरा त्याची पण लाज बाळगा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग हळूहळू ठरत गेलं. दर शुक्रवारची पहिली कमाई प्रत्येकाने मावशीकडे द्यायची. डबा आळीपाळीने. बारीकसारीक डेंटिंगची कामं रंगवाल्याने घणाच्या बायकोकडे, वहिनीकडे, पाठवायची, ठोकायला तिला येतं. राहिला जिना. आठवड्यातून तीनदा त्या माणसाला अंगाला अंग लावून उचलायचं, ह्याला कोणाची छाती होईना.

"मी उचलतो," टायरवाला म्हणाला.

रंगवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू?"

"पाठ आहे माझी. ट्रकची चाकं उचलतो. तो काय सत्तर किलो." आणि मग, "पण त्याला माझ्या पाठीवर बसताना बघायचंय मला."

हे त्याने खरं सांगितलं. त्यात दया वगैरे काही नव्हती.

घणाला कळलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. रंगवाला आणि मावशी पहिल्या शुक्रवारचा डबा आणि पाकीट घेऊन वर गेले, तर त्याने पलंगावरूनच स्टीलचा तांब्या फेकला. तो रंगवाल्याच्या कपाळाला लागला. रक्त डोळ्यात उतरलं. "भिकारी समजता का मला? चालते व्हा! खांद्यावरून न्यायची एवढी घाई झाली का तुम्हाला?" रंगवाला कपाळ दाबत खाली आला आणि टायरवाल्याला म्हणाला, "जा आता तू वर. तुझा उरलेला कान घेऊन ये परत."

दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी होती. घण गेला नाही. त्याने दाराला आतून कडी घातली, बायकोला बाहेर ठेवलं, आणि कित्येक महिने मोजून कपभर पाणी पिणाऱ्या त्या माणसाने माठ तोंडाला लावला. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, ते सगळं पाणी त्याच्या छातीत चढलं.

वहिनी जिन्यावरून ओरडली ते टायरवाल्याच्या उजव्या कानाने ऐकलं. "भाऊजी! अहो, धावा!"

वर दार तुटलेलं होतं. तिने हातोडीने कडी उडवली होती. घण पलंगाच्या कडेला बसून हवा चावत होता. त्या धडपडीला दुसरा शब्द नाही. तोंडाशी गुलाबी फेस, ओठ निळे, डोळे बाहेर आलेले. आडवा केला की तडफडायचा. पोरगी कोपऱ्यात भिंतीला चिकटली होती.

टायरवाल्याने पाठ वळवून त्याच्यापुढे बैठक मारली. "बस."

घणाने मान हलवली. नाही.

वहिनीने नवऱ्याला मागून ढकलून टायरवाल्याच्या पाठीवर घातला. तो उठला आणि जिना उतरू लागला. पाठीवरचा माणूस बुडत्यासारखा झटत होता, नखं गळ्यात रुतत होती. पहिलं वळण घेतलं आणि घणाने उरलंसुरलं बळ एकवटून बुक्की मारली. त्याच कानावर. त्या मेलेल्या कानात कळ इतकी जोरात उठली की टायरवाल्याचा पाय पायरीवरून सटकला. खांदा भिंतीवर आपटला, हात कठड्यावर ठेचला. दोघंही जायचेच, पण त्याने कठडा सोडला नाही.

त्याने घणाला मधल्या सपाट जागेवर उतरवलं, भिंतीला टेकवलं. आणि मारलं. सणसणीत, पूर्ण हाताने, थोबाडात. घणाची मान गर्रकन फिरली, फेस भिंतीवर उडाला.

वरून वहिनीने ते पाहिलं.

"सात वर्षं," टायरवाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "सात वर्षं झोपताना मारत होतो तुला. झालं आता. बस पाठीवर."

घणाने त्याच्याकडे बघितलं. मग हात पुढे केले, उचलून घ्या म्हणणाऱ्या लेकरासारखे, आणि त्याच्या गळ्याभोवती टाकले. मावशीचा टेम्पो खाली उभाच होता. सबंध वाटेत घणाचं डोकं त्याच्या खांद्यावर आपटत राहिलं आणि त्याच्या शर्टात तो गुलाबी फेस मुरत गेला. दवाखान्याच्या दारात घणाला आत घेतलं, तेव्हा टायरवाला बाहेरच्या नळावर हात घासत बसला. श्वास न येणाऱ्या माणसाला मारलं होतं त्याने. ज्या थपडेची त्याने सात वर्षं वाट पाहिली, तिच्यातून हातात काहीच आलं नव्हतं.

घण वाचला. त्यानंतर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, टायरवाला सकाळी वर जाई, पाठ वळवून बसे, आणि घण गुपचूप चढून बसे. बोलणं म्हणजे "सांभाळ, वळण" आणि "हं". मशीनवर लावायच्या सुया बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाड होत्या. त्या दंडात शिरताना घण दात खाई आणि टायरवाला मुद्दाम बघत उभा राही. पुढे पुढे बघवेना, मग तो बाहेर बसू लागला.

खाली शेडमध्ये वहिनी ठोकू लागली होती. पहिल्या महिन्यात तिने अंगठ्याचं नख घालवलं, दुसऱ्या महिन्यात एका ट्रकवाल्याने तिचं काम बघून "उस्ताद कुठंय?" विचारलं, तर रंगवाला म्हणाला, "समोर उभी आहे, डोळे तपासून घे."

चार महिन्यांचं भाडं मात्र थकलं होतं. गल्लीने मिळून ते देऊ केलं, पण घरमालकाला भाडं नकोच होतं. त्याला शेड आणि वरची खोली रिकामी हवी होती, गाड्या धुण्याचं मोठं दुकान काढायला. एका गुरुवारी, घण मशीनवर आणि वहिनी त्याच्यापाशी असताना, तो चार माणसं घेऊन आला.

टायरवाला घणाला पोचवून केव्हाच परतला होता. वरच्या खिडकीतून गादी खाली आली. मग भांडी. मग औषधांचा डबा, तो फुटून गोळ्या रस्त्याच्या तेलात पसरल्या. मग पोरीची पुस्तकं. पोरगी त्या दिवशी तापाने शाळेत गेली नव्हती. ती आतून ओरडत होती. मग एका माणसाने तिला दंडाला धरून फरफटत जिन्यावरून खाली आणलं आणि रस्त्यावर ढकललं. ती गुडघ्यांवर पडली.

ह्या वेळी कोणी गाडीखाली शिरलं नाही. मावशी काच कापायची सुरी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. रंगवाल्याने रंगाचा डबा घरमालकाच्या डोक्यात उपडा केला, आणि लाल रंगाने न्हालेला घरमालक आंधळ्यासारखा हात फिरवत पळाला. कोणी पाने काढले, कोणी गज. हाड आणि लोखंड, शिव्या आणि किंकाळ्या, सगळी गल्ली एक झाली. मावशीच्या दंडाला काठी लागून हाड मोडलं. तिघं पळाले.

पोरीला ढकलणारा चौथा टायरवाल्याच्या तावडीत सापडला. टायरवाल्याच्या हातात टायर काढायची पहार होती. पहिला फटका खांद्यावर बसला आणि तो माणूस खाली पडला. दुसरा पाठीवर. त्या माणसाने डोक्यावर हात धरला, "नको, नको भाऊ, पोटासाठी आलो" म्हणाला. टायरवाल्याने ते स्वच्छ ऐकलं. आणि तिसरा घातला. मनगटाचं हाड ओल्या लाकडासारखं मोडलं आणि हात भलत्याच दिशेला लोंबू लागला. चौथा फटका वर उचललेला असताना रंगवाल्याने त्याला मागून कवटाळलं. "मरेल तो! अरे, मरेल!"

टायरवाल्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या क्षणी अंगात केवढं सुख भरलं होतं त्याची.

पोलीस यायच्या आत तो दवाखान्यात गेला. घणाला आणायची वेळ झाली होती. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. घण सुया काढून, दंडावर कापूस दाबून बसला होता. वहिनीला निरोप मिळाला होता, ती पोरीकडे धावली होती. घणाने त्याच्या शर्टावरचे डाग बघितले. त्यातला रंग कुठला आणि रक्त कुठलं हे त्याला न सांगता कळलं.

"कोणाला मारलंस?"

"तुझ्या पोरीला ओढत होता एकजण."

"किती?"

"तीन."

घणाने कापूस उचलून बघितला आणि पुन्हा दाबला. "पहिल्यातच पडला असेल."

"हो."

"मग पुढचे दोन?"

टायरवाला त्याच्या शेजारी बाकावर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबले.

"तू पण पहिल्यातच पडला होतास," घण म्हणाला. तो त्याच्या उजव्या बाजूला सरकून बोलत होता, ऐकू यावं म्हणून. "टायरांवर. मला दिसत होतं. पुरे झालं हे मला तेव्हाच कळलं होतं रे. तरी मारलं. लोक म्हणतात, डोकं फिरलं की त्याला कळत नाही. सगळं कळतं. छान वाटतं, म्हणून मारतो माणूस." त्याने कापूस टाकून दिला. "तो माणूस कुठे राहतो ते शोध. जा त्याच्याकडे. मी तुझ्याकडे नाही आलो. शेजारी होतास, चार पावलांवर. सात वर्षांत नाही आलो."

ही माफी म्हणायची की काय, हे टायरवाल्याला कधीच ठरवता आलं नाही. त्याने पाठ वळवली, घण बसला, आणि ते बाहेर पडले तेव्हा दारात पोलीस उभे होते. टायरवाल्याने हवालदाराला विनंती केली, ह्याला आधी टेम्पोत ठेवू द्या. ठेवू दिलं.

तो सहा दिवस आत होता. तेवढ्या दिवसांत घणाला खुर्चीत बसवून रंगवाला आणि आणखी तिघे उतरवत. मोडक्या दंडाची मावशी पुढे चालून "डावीकडे, मेल्यांनो, डावीकडे" ओरडत असे. खोली आणि शेड वहिनीकडेच राहिली. डोक्याला रंग फासलेला घरमालक पुन्हा त्या गल्लीत आला नाही, भाडं न्यायला माणूस पाठवू लागला. जामीन गल्लीने भरला. खटला मात्र पुढे कैक महिने चालला.

सुटल्यावर टायरवाला त्या माणसाचा पत्ता काढत गेला. गोदामात हमाली करणारा, रोजावर आणलेला माणूस. आता एका हाताने काय उचलणार? दार बंद होतं. टायरवाल्याने ठोठावलं, नाव नाही, "मी तो पहारवाला" एवढंच सांगितलं. आतून आवाज आला, पण त्याचा डावा कान दाराकडे होता, काही कळलं नाही. म्हणून तो वळला आणि चांगला कान दाराला लावला. आतला माणूस त्याला शिव्या देत होता. त्याला, त्याच्या आईला, त्याच्या हातांना. रडत रडत देत होता. टायरवाला संपेपर्यंत ऐकत उभा राहिला. मग मावशीने दिलेलं पाकीट उंबऱ्यावर ठेवून आला. पुढच्या आठवड्यात गेला तर पाकीट तिथेच होतं, पावसाने भिजलेलं. तिसऱ्यांदा गेला तेव्हा ते नव्हतं. कोणी घेतलं ते कळायला मार्ग नव्हता, पण तो जात राहिला.

घण त्यानंतर चौदा महिने जगला. गेला तो मशीनवरच, एका शनिवारी सकाळी, सुया दंडात असताना. टायरवाला बाहेरच्या बाकावर बसला होता. आत धावपळ झाली, कोणीतरी घणाच्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देत होतं, फासळी मोडल्याचा आवाज दाराबाहेर आला. मग सगळं थांबलं.

वहिनी रडली नाही तेव्हा. तिने नवऱ्याच्या दंडातल्या सुया स्वतः समोर उभं राहून काढून घेतल्या, रक्त पुसलं, आणि टायरवाल्याला म्हणाली, "भाऊजी, घरी न्यायचंय. वरच. पोरीने बघायला हवं."

त्याने त्याला वर नेला. मेलेला माणूस गळ्याला धरत नाही, म्हणून रंगवाला मागून आधार देत होता.

त्या दिवशी गल्लीतलं एकही शटर उघडलं नाही. टायरवाल्याचंही नाही. सोमवारी सकाळी एक ट्रक आला, समोरून पार चेपलेला. वहिनीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर हात फिरवला, आणि ठोकळा उचलून टायरवाल्याकडे बघितलं. एवढ्या मोठ्या पत्र्यामागे ठोकळा धरायला माणूस नव्हता. त्याने हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडली आणि आत गेला.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "हलला तर तुमचीच बोटं जातील."